पिवळीच्या खाली

ही दोन हजार तेवीस सालची गोष्ट. मला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. अमरावतीच्या ज्या कॉलेजात मी गृहअर्थशास्त्र शिकवलं आणि सतरा वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं घेतली, तिथून जानेवारीत योगेशचा फोन आला. योगेश माझाच विद्यार्थी, आता माझ्याच जागेवर कार्यक्रम अधिकारी.

"मॅडम, कोरोनानं पोरं पार मोडली. दोन वर्षं घरी बसून फोटो पाठवले अन् सेवेचे तास भरले. एकच झाड तिघांच्या फोटोत. आता शिबिर लागून राहिलं, अन् फावडं धरता येणारा एक नाही. तुमी या."

मी गेले. मी तर बोलावण्याचीच वाट पाहत होते. आमच्या काळी एसटीच्या टपावर घमेली बांधून निघायचो. गाव येईपर्यंत गाऊन गाऊन निम्म्यांचे घसे बसलेले असायचे. आणि माझा एक नियम होता. शिबिरात मोठ्यांनी तोंड बंद ठेवायचं. पोरं ठरवतील, चुकतील, निस्तरतील. याच नियमानं योगेशसारखे लोक घडले असं मी चारचौघांत सांगत असे.

या पोरांनाही मी तेच सांगितलं. आपला पुढारी त्यांनी आपणच निवडला: निखत. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, होस्टेलवर राहायची. घर अकोल्याच्या जुन्या शहरात, वडिलांचं गाद्या भरायचं दुकान. बारीक अंगाची, पण आवाज असा की मागच्या रांगेतला मोबाइल आपोआप खिशात जायचा. तिच्या जोडीला विपुल, चांदूर बाजारचा, शेतकऱ्याचा मुलगा, सतत टिंगल करणारा.

शिबिराचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. नाव लिहीत नाही. त्या भागात जमिनीतलं पाणी खारट. नळ बारा-पंधरा दिवसांनी यायचा. पण नाल्याच्या काठी एक विहीर होती, तिचं पाणी गोड. सगळं गाव तिच्यावर. गाळ साचला होता, तो काढायचं काम आम्ही घेतलं.

पहिल्याच दिवशी सरपंच देवरावांची आई, पंचफुलाबाई, काठी टेकत आली आणि विहिरीच्या कठड्यावर बसली.

"गाळ काढा, माय. पण पिवळी लागली का थांबा."

"पिवळी म्हणजे काय, आजी?" निखतनं विचारलं.

"पिवळी माती. तिच्यावर गोडं हाय, खाली खारं हाय. आमच्या सासऱ्यानंबी कधी तिले फावडं लावलं नाही."

देवराव हसले. "मायचं काही ऐकू नका. मले तं लहानपणी त्या विहिरीत भूत हाय म्हने."

"भूत होतंच," म्हातारी म्हणाली. "तू पाण्यात मुतू नाही म्हनून ठेवलं होतं." पोरं खाली चिखलात लोळून हसली.

पोरांनी काम मात्र केलं. तिसऱ्या दिवसापर्यंत हातांना फोड आले, चौथ्या दिवशी ते फोड एकमेकांना दाखवून मिरवू लागली. सहाव्या दिवशी दुपारी पिवळी लागली. मऊ, चिकट, हळदीसारखी. पंपानं उपसलेल्या विहिरीच्या तळाशी वीतभर गढूळ पाणी.

दुसऱ्या दिवशी समारोप होता. पाहुणे यायचे होते.

"पाव्हण्यायले काय दाखवावं?" विपुल म्हणाला. "आठ दिवस थांबा, झरा भरन, असं सांगावं का?"

"दोन फूट और लेते," कोणीतरी म्हणालं.

निखतनं वर पाहिलं. मी कठड्याशी उभी होते. पंचफुलाबाई त्या दिवशी आली नव्हती, पण तिचे शब्द माझ्या कानात होतेच.

"मॅडम, घ्यावं का खाली?"

मी काय म्हणाले ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. मी म्हणाले, "तू लीडर आहेस. तू ठरव."

मला फार बरं वाटत होतं तेव्हा. तीन आठवड्यांपूर्वी मान वर न करणारी ही मुलं फावड्यासाठी भांडत होती. त्या आनंदावर मला पाणी फिरवायचं नव्हतं.

निखतनं ठरवलं. संध्याकाळपर्यंत पाणी उसळून आलं, गुडघाभर. पोरं नाचली. समारोपाला नारळ फुटला, फोटो निघाले. पाणी गढूळ होतं, म्हणून कोणी चाखलं नाही.

समारोपानंतर नवव्या दिवशी देवरावांचा फोन आला. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मॅडम, आता आमच्या इथं कोणती सासू सुनेले म्हनू शकत नाही, का भाजीत मीठ नाही म्हनून."

बातमी कॉलेजात पसरली. पोरं पुन्हा जमावीत म्हणून योगेशनं सेवेच्या शपथेचा कार्यक्रम ठेवला, दोनच जण आले. निखत होस्टेल सोडून घरी निघून गेली होती.

मी अकोल्याला गेले. मोर्णा नदी ओलांडून गल्ली शोधत दुकान गाठलं. तिचे वडील जैनुद्दीनभाई कापसाच्या ढिगातून उठले, मला खुर्ची दिली. "आईये मॅडम. ही खाऊन नाही राहिली बराबर. समजवा जरा."

निखत पडद्याआडून आली. बसली नाही.

"मॅडम, आजी काय म्हणाली ते तुमी ऐकलं होतं ना?"

"हो."

"मग मी विचारलं तवा बोलल्या काहून नाही?"

मी माझा नियम सांगितला. शिकवण्याची पद्धत, चुकण्याचा हक्क. बोलता बोलता मलाच ऐकू येत होतं की चूक निस्तरता येणारी असेल तरच हे सगळं खरं. जैनुद्दीनभाई मान खाली घालून सुईत दोरा ओवत राहिले.

"मैं गाव चलूंगी," ती शेवटी म्हणाली. "शपथ-बिपथ नको."

आम्ही तीन रविवार गेलो. ती, विपुल, योगेश आणि आणखी चार मुलं. विहीर पुन्हा उपसली, नाल्याकाठची पिवळी माती घमेल्यांनी आणून तळाशी टाकली, पायांनी तुडवून बसवली. मी वर उभी राहून दोर धरायचे, तेवढंच जमायचं. विपुलनं त्या तिन्ही दिवसांत एकही विनोद केला नाही. पंचफुलाबाई टँकरच्या पाण्याचा चहा घेऊन आली, प्रत्येकाच्या हातात कप दिला.

निखत म्हणाली, "आजी, माफ करा. होईल ना हे ठीक?"

"टाका माती," म्हातारी म्हणाली. "पन पाण्याले एक डाव रस्ता सापडला, तं ते इसरत नाही, पोरी."

पावसाळ्यात विहीर भरली. ऑगस्टमध्ये पाणी चाखलं, जरा बरं वाटलं. दिवाळीनंतर पुन्हा चाखलं. निखतनं ओलं बोट जिभेवर ठेवलं, आणि लगेच ओढणीनं पुसलं.

विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. बायका पलीकडच्या गावातून पाणी आणतात. देवराव पुढची निवडणूक हरले. विरोधकांना प्रचारात फक्त पाण्याची बाटली दाखवावी लागली. पंचफुलाबाई चोवीसच्या उन्हाळ्यात गेली. विपुल पोलीस भरतीत निवडला गेला, नागपूरला असतो. योगेश अजून शिबिरं घेतो, पण खोदकाम घेत नाही, भिंती रंगवतात. जैनुद्दीनभाईंचं दुकान चालू आहे. निखत बी.एस्सी. झाली, अकोल्यातच एका शाळेत विज्ञान शिकवते. दोनशे चाळीस तास सेवेचं तिचं प्रमाणपत्र तिनं नेलं नाही, ते अजून कॉलेजच्या कपाटात आहे. मी दोनदा फोन केला. ती नीट बोलते, तब्येत विचारते. मला मॅडमच म्हणते.

मला कॉलेजातून बोलावणं येत नाही आता. आलं तर जाईन का, हे मला ठरवता येत नाही.