वकिलाच्या बॅगेतला स्क्रू ड्रायव्हर

मित्रांनो, मी एक जुना स्क्रू ड्रायव्हर आहे. राहतो मात्र वकिलाच्या बॅगेत.

आभाताईंनी मला रविवार कारंज्याजवळच्या दुकानातून घेतलं, तेव्हा त्या भौतिकशास्त्र शिकत होत्या. पुढे त्या वकील झाल्या. कुणी काय शोधलं, कुणी कुणाची नक्कल केली, असे कारखानदारांचे खटले त्या चालवू लागल्या. त्यांचा एक नेम होता: भांडणातली वस्तू स्वतः उघडून पाहिल्याशिवाय दावा लिहायचा नाही. पंप, कुलपं, मिक्सर, सगळ्यांची पोटं मी उघडली.

बाररूममध्ये वकील चिडवत. "मॅडम, कोर्टात आलात की पंखा दुरुस्तीला?"

"पंखा ठीक आहे साहेब. तुमचा युक्तिवाद खडखडतोय, तो बघते."

नंतर खटले बदलले. नावांचे, बोधचिन्हांचे, सॉफ्टवेअरचे. माझी रवानगी खणात झाली, स्टेपलरच्या शेजारी. मला गंज चढला.

मग एक दिवस सिन्नरहून सोमनाथ आले. त्यांनी द्राक्षाचे घड औषधात बुडवायचं यंत्र बनवलं होतं. आतल्या एका झडपेमुळे औषध सांडत नसे. त्या झडपेचं पेटंटही त्यांना मिळालं होतं. एका मोठ्या कारखान्याने तेच यंत्र विकत आणून उघडलं आणि तसंच बाजारात आणलं. सोमनाथची गिऱ्हाइकं तुटली, वर्कशॉप बंद पडायची वेळ आली. वर कारखाना म्हणत होता, "पेटंटच खोटं! अर्ज करायच्या आधी यांनी यंत्र गावाला दाखवलंय. हा घ्या खंडेनवमीचा फोटो."

अर्जाआधी कल्पना सगळ्यांसमोर उघड झाली, तर कायद्याने ती नवी राहत नाही. ताई गंभीर झाल्या.

"सोमनाथभाऊ, पूजेला सगळ्यांना बोलावलंत?"

"ताई, खंडेनवमीला यंत्र लपवून ठिवायचं व्हय? लोकं प्रसादाला येत्यात. नाय कसं म्हणू?"

"झाकण उघडलं होतं?"

"पूजेला कोण उघडतंय! बंदच व्हतं."

ताईंनी खण ओढला. मला तेलाच्या फडक्याने पुसलं आणि पुन्हा बॅगेत ठेवलं.

न्यायालयात टेबलावर सोमनाथचं तेच फोटोतलं यंत्र ठेवलं होतं. ताई समोरच्या वकिलांना म्हणाल्या, "साहेब, फोटोत झडप दाखवता का?"

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. झेंडूची माळ, बंद झाकण, प्रत्येक स्क्रूवर कुंकवाचं बोट. "झडप आत असेल," ते पुटपुटले.

"तेच म्हणते मी."

न्यायाधीशांनी झाकण उघडायला परवानगी दिली. माझं टोक झिजलेलं. पहिल्याच स्क्रूवर मी घसरलो. ताईंनी घाई केली नाही. मला सरळ धरलं, दाबलं, हळू फिरवलं. झाकण निघालं, झडप दिसली. बाहेरून पाहणाऱ्याला ती दिसणं शक्यच नव्हतं.

अंतिम निकाल अजून यायचा आहे. पण तोवर कारखान्याने ते यंत्र बनवू नये, असा आदेश निघाला. कोर्टाच्या पायऱ्यांवरच सोमनाथनी वर्कशॉप सांभाळणाऱ्या बाईंना फोन लावला, "बयाबाई, शटर उघडा! माणसांना बोलवा!"

मित्रांनो, नवीन काही बनवलंत, तर मिरवण्याआधी त्याची नोंद करा. दुसऱ्याच्या वस्तूला नक्कल म्हणण्याआधी ती उघडून पाहा. उघडताना आटे झिजवू नका, सुटलेले स्क्रू वाटीत ठेवा. आणि काम झालं की माझ्यासारख्यांना पुसून ठेवा. ज्याचं काहीतरी हिरावलं गेलंय, असा पुढचा माणूस ताईंच्या ऑफिसचा जिना चढतच असतो.