चावीवाल्याची बंद पाकिटं

आमच्या गल्लीतला चावीवाला नुसता खाकरला तरी पलीकडच्या गल्लीतली दोन-तीन कुलपं सैल पडायची. खोटं वाटत असेल तर सोडून द्या. पुढचं मात्र माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

या माणसाला एकच गोष्ट उघडवत नसे: पाकीट. बँकेचं असो की सावकाराचं, तगाद्याचं पत्र आलं की तो ते तसंच स्वतः बनवलेल्या तिजोरीत टाकी. दोन-तीन वर्षांत तिजोरी इतकी ठासून भरली, की तिला धाप लागलेली मी ऐकली आहे.

शेवटी जप्तीची नोटीस आली, तेव्हा त्याच्या बायकोने कर्जतडजोड कार्यालयातल्या बाईंना दुकानात आणलं. माझी बैठक तेव्हा तिथेच होती. बाईंचं म्हणणं सरळ होतं. सगळी देणी एका यादीत लिहायची, महिन्याला झेपेल असा एकच हप्ता, पाच वर्षं. तोवर कोणी दारात यायचं नाही, आणि शेवटी उरेल ते माफ.

"पण एक जरी देणं लपवलंत, तर करार मोडला आणि दुकान गेलं," बाई म्हणाल्या. "यादी आज पाचच्या आत हवी. उद्या जप्ती आहे."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. चावीवाला तिजोरीला कान लावून बसला. चाक फिरवलं. थांबला. पुन्हा फिरवलं.

मला कारण ठाऊक होतं; त्यानेच एकदा माझ्यापाशी कबूल केलं होतं. त्या ढिगात पैसे दिल्याची मेव्हण्याची चिठ्ठी होती. दोन वर्षांपूर्वी मेव्हण्याने छपरासाठी साठवलेले पैसे याला दिले. ते बायकोला पत्ता नसलेल्या एका जुन्या देण्यात मुरले. याने घरी सांगितलं, "तुझ्या दादाने हात वर केले," आणि मेव्हण्याला गप्प राहायची गळ घातली. तेव्हापासून ती भावाशी बोलत नव्हती.

"अहो, झालं का?" बायकोने विचारलं.

"जड जातंय."

"काल दवाखान्याची तिजोरी चहा गार व्हायच्या आत उघडलीत."

"ती दुसऱ्याने बनवली होती."

साडेचार वाजले. बाईंनी पिशवी खांद्याला लावली. "मला पोचायला वीस मिनिटं लागतात."

बायको नवऱ्याशेजारी उकिडवी बसली. "चाक मुद्दाम उलटं फिरवताय. वीस वर्षं बघतेय हा हात. आत काय आहे?"

त्याने चाक तीनदा सुलटं फिरवलं, तशी पाकिटं त्याच्या मांडीवर कोसळली. त्यातून चिठ्ठी हुडकून त्याने स्वतःच तिच्या हातात दिली.

तिने ती दोनदा वाचली.

"मी दादाच्या मुलीच्या लग्नाला गेले नाही," ती म्हणाली.

चावीवाल्याने मान खाली घातली.

"हेही लिहावं लागेल," बाई हळूच म्हणाल्या. "आणि तुमच्या दादांनाही इतरांसारखाच वाटा. कदाचित निम्मेही परत मिळणार नाहीत."

"लिहा. पहिल्या ओळीत," बायको म्हणाली.

बाकीची पाकिटं आम्ही तिघांनी फाडली, बाईंनी आकडे लिहिले. सही होताच त्या अशा धावल्या, की त्यांच्या चपला जरा मागूनच गेल्या. पाचला दोन मिनिटं कमी असताना त्यांचा निरोप आला: यादी दाखल झाली, जप्ती थांबली.

कोणीच हुश्श केलं नाही. बायकोने भावाला फोन लावला.

"कोण, छकुली?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

तिने फोन नवऱ्याच्या हातात कोंबला.

"दादा, मी बोलतोय. तिला सगळं कळलंय. तुमच्या पैशांचं..."

"पैशांचं नंतर," बायको दबक्या आवाजात म्हणाली. "आधी लग्नाचं बोला."