मागचं दार

"इंजिन ठणठणीत आहे अजून," बॉनेटवर थाप मारत लेलँडचा पोलिसातला जुना जोडीदार मर्व म्हणाला. "आपल्या दोघांपेक्षा तरी नक्कीच."

"पट्टा बदललाय मागच्याच हिवाळ्यात," लेलँड म्हणाला. गाडीकडे पाठ करून तो बॉनेटला टेकला होता. चर्चची ग्रेटा मागच्या सीटवर बसून पाहत होती. पाय पसरता येतात का, आडवं होता येतं का, असं सगळं तिला स्वतः बसून बघायचं होतं.

मागून काचेवर टकटक झाली. लेलँडला ती ऐकू आली. तो पट्ट्याबद्दल बोलत राहिला. पुन्हा टकटक झाली, जरा जोरात. तरी तो बोलतच राहिला.

शेवटी मर्वनं मान वाकडी करून पाहिलं. "अरे, ती बाई काच ठोकतेय. चर्चच्या बाईला अटक केलीस काय?"

लेलँड वळला. त्याचा चेहरा असा उतरला की मर्वचं हसू जागीच थांबलं. लेलँडनं धावत जाऊन दार उघडलं.

ग्रेटा हसत बाहेर आली. "आतून उघडतच नाही होय हे?"

"पोलिसांच्या गाडीचं मागचं दार आतून उघडत नसतं, बाई," मर्व म्हणाला. "नाहीतर आमचे पाहुणे सिग्नलवरच उतरून गेले असते."

"तुमचे पाहुणे वेगळे, माझे वेगळे." ग्रेटानं कोट झटकला. गावात ज्यांच्याकडे गाडी नाही किंवा चालवायची ताकद उरलेली नाही, अशा आजारी माणसांना शहरातल्या इस्पितळात न्यायचं-आणायचं काम ती चर्चतर्फे करायची. तिच्या जुन्या व्हॅननं या थंडीत मान टाकली होती. "लेलँड, गाडी मला हवीय. पण ही दारं नीट करून दे. आजारी माणसाला ढवळून येतं, कुणाचा जीव घाबरा होतो. दार आपल्या हातात आहे एवढं कळलं तरी माणूस शांत बसतं. तुला मी काय सांगू? वर्नाला तूच तर नेत होतास."

"हो," लेलँड म्हणाला. "करून देतो."

"मोठं काम आहे का?"

"बघतो," तो म्हणाला.

त्याच्या बायकोनं, वर्नानंही हेच विचारलं होतं, अनेकदा. आणि दर वेळी त्यानं सांगितलं होतं की काम मोठं आहे, अख्खं दार खोलावं लागतं, थोडी थंडी ओसरू दे. थंडी ओसरली की पेरण्या, मग मासेमारी, मग पुन्हा थंडी.

ही गाडी त्याचीच होती, म्हणजे नोकरीतली. तो काउंटीच्या पोलिसांतून निवृत्त झाला त्याच वर्षी गाडीही निवृत्त झाली, आणि लिलावात त्यानं ती घेतली. दिवे, वायरलेस, मधली जाळी सगळं काढून घेतलेलं होतं. दारावरचा पोलिसांचा तारा खरवडला होता, पण आजूबाजूचा रंग उन्हानं विटलेला असल्यामुळे ताऱ्याचा आकार अजून दिसायचा. वर्नाला गाडी कधीच आवडली नाही. "तीस वर्षं असल्या गाड्यांबरोबर संसार केलास, आता त्यातली एक घरीच घेऊन आलास," असं म्हणायची.

मग वर्नाच्या मणक्यात दुखणं निघालं. पुढच्या सीटपाशी वायरलेसची लोखंडी चौकट राहिली होती. तिथे तिचे पाय अवघडायचे, म्हणून ती मागे आडवी होऊन यायची. बसताना दर वेळी विचारायची, "साहेब, आज माझा गुन्हा काय?"

"जास्त बोलणं," तो म्हणायचा.

"मग जन्मठेप दे."

मागच्या दाराच्या आतल्या बाजूला कुणीतरी नखानं 'आई' असं कोरलं होतं. ते वर्नाला सापडलं. "कोण रे हा?"

"असेल कोणी."

"तूच आणला असशील ना त्याला?"

आणला असेल. त्याला आठवत नव्हतं. मागे बसलेली माणसं ओरडायची, रडायची, काच ठोकायची. नोकरीला लागला तेव्हा जुन्या सार्जंटनं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की मागून ठोकलं तर वळायचं नाही. एकदा वळलास की रस्ताभर वळावं लागेल. तो ते चांगलं शिकला होता.

मागच्या मार्चमध्ये इस्पितळातून परतताना तो पेट्रोल पंपावर थांबला. वर्नाला आल्याचं सरबत हवं होतं. ते घेऊन बाहेर आला तर डॅरेल भेटला. डॅरेलची वासरं चोरीला गेली होती आणि त्याला जुन्या पोलिसाचं मत हवं होतं. कितीतरी दिवसांनी कुणी त्याला मत विचारत होतं. लेलँड बॉनेटला टेकून, हातात सरबताची बाटली धरून, चोर कुठल्या रस्त्यानं गेले असतील ते सांगत राहिला.

मागून टकटक झाली. त्याला ऐकू आली होती. इस्पितळात भेटायला येणाऱ्यांना, वर्नाच्या बहिणीला, कुणालाही त्यानं हे सांगितलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हता. पण ऐकू आली होती एवढं खरं. टकटक झाली, पुन्हा झाली, मग थांबली. थांबली तेव्हा त्याला बरंच वाटलं होतं.

त्यानं दार उघडलं तेव्हा वर्ना ताठ बसली होती. बहिणीनं विणलेला जांभळा स्कार्फ तिनं मांडीवर घट्ट गुंडाळून धरला होता. उलटीचा वास आला तेव्हा त्याला कळलं.

"गाडी खराब नाही केली, साहेब," ती म्हणाली.

स्कार्फ तिनं पंपावरच्या कचरापेटीत टाकला. त्यानंतर ती पुढेच बसू लागली. पाय अवघडायचे, खड्डा आला की डोळे मिटून घ्यायची. तो म्हणायचा, मागे आडवी हो. ती म्हणायची, पुढेच बरं आहे. आणि गुन्हा काय ते तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. तेव्हा तरी त्यानं दारं दुरुस्त करायला हवी होती. पण दारं दुरुस्त करणं म्हणजे त्या दिवसाबद्दल बोलणं झालं असतं. त्यानं दारांना हात लावला नाही. जूनमध्ये ती गेली.

ग्रेटाला शब्द दिल्यानंतरच्या शनिवारी सकाळी त्यानं गाडी गॅरेजमध्ये घेतली. कॉफीचा कप कामाच्या टेबलावर ठेवला आणि दाराच्या आतला पत्रा उघडला. आत एक बारीक सळई खटक्यापासून सुटी करून तारेनं बांधून ठेवली होती. त्यानं तार कापली, सळई खटक्यात अडकवली, मूठ ओढली. दार उघडलं.

मग दुसऱ्या बाजूचं दार केलं. हात धुऊन कप उचलला तेव्हा कॉफी अजून कोमट होती. त्यानं ती मोरीत ओतून दिली.

गाडी दिली त्या रविवारी चर्चच्या आवारात लोक जमले. कुणी सफरचंदाचा केक आणला होता, कुणी भाजलेल्या बटाट्यांची थाळी. पाद्रीबाबांनी लेलँडच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "वर्नाला अभिमान वाटला असता." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेलँड बुटांकडे पाहत राहिला. ग्रेटानं फोटोसाठी बोलावलं तेव्हा त्यानं किल्ल्या तिच्या हातात कोंबल्या.

"फोटो गाडीचा काढा. मी काही केलेलं नाही."

"बघा, किती विनय," पाद्रीबाबा म्हणाले, आणि लेलँडला तिथून पळून जावंसं वाटलं.

मंगळवारी ग्रेटाचा फोन आला. तिचा ड्रायव्हर कंबर धरून बसला होता. "एवढी एक फेरी कर बाबा. ऑटिली क्राउस आहे. तोंडानं फटकळ आहे, तेवढं सांभाळून घे."

ऑटिली मागे बसली, मांडीवर पर्स ठेवली आणि म्हणाली, "माझ्या धाकट्याला तू याच गाडीत घातलं होतंस. दारू पिऊन मेंढीच्या गोठ्यात झोपला होता म्हणून."

"असेल," लेलँड म्हणाला.

"बरं केलंस. थंडीनं मेला असता." थोड्या वेळानं ती म्हणाली, "कुणी इथे 'आई' लिहिलंय. माझ्या पोराचं अक्षर एवढं चांगलं नाही."

रस्ता नदीकाठानं जात होता. मक्याची कापलेली शेतं दोन्ही बाजूंना पसरली होती. लेलँडचं लक्ष रस्त्यावर होतं.

मागून काचेवर टकटक झाली.

लेलँड वळला. मग गाडी कडेला घेऊन थांबवली आणि पुन्हा पुरता वळला. "काय होतंय? ढवळतंय का?"

"मला काय धाड भरलीय? ते बघ."

शेतात करकोचे उतरले होते. दर मार्चला येतात तसेच, राखी रंगाचे, नजर पोचेल तिथवर. कापलेल्या मक्यातले दाणे टिपत होते, मध्येच दोन-चार पंख उघडून उड्या मारत होते.

"जवळून बघायचेत मला. पुढच्या वर्षी मी असेन नसेन."

"थांबा, मी येतो," म्हणत लेलँड घाईनं उतरला. गाडीला मागून वळसा घालताना वाळूत त्याचा पाय घसरला. तो सावरला आणि हात पुढे करूनच दाराशी पोचला.

दार उघडंच होतं. ऑटिली बाहेर उभी होती. तिनं एका हातानं दाराची कड धरली होती, आणि वाऱ्यानं तिचा स्कार्फ उडत होता.

"शिस्तीत उभा राहा," ती त्याच्याकडे न बघता हळूच म्हणाली. "उडून जातील."

लेलँड उभा राहिला. पुढे केलेला हात त्यानं खाली घेतला आणि डोक्यावरची टोपी काढली.