सोबतीला एक माणूस

सिस्टरने लिफ्टवालीच्या हाताला सलाइनची सुई लावली आणि शेजारच्या स्टुलावर बसलेली छकुली धाडकन खाली पडली.

लिफ्टवालीने मोकळ्या हाताने तिला उचललं आणि खाटेवर टाकलं. पेशंटने असलं काही करायचं नसतं म्हणून सिस्टर ओरडली, पण तोवर लिफ्टवाली स्टुलावर बसून मैत्रिणीला वर्तमानपत्राने वारा घालू लागली होती. तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी खाटेवरच्या बाईची नाडी पाहिली, "उद्या सकाळी पित्ताशय काढू, घाबरायचं नाही," असं बजावलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. नुकते डोळे उघडलेल्या छकुलीने ते पुन्हा मिटले.

छकुली बत्तीस वर्षांची होती, पण घरी ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. उशिरा झालेली एकुलती एक लेक. शाळेच्या सहलीपासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत आई तिच्याबरोबर जायची. मुलाखतीतल्या दोन प्रश्नांची उत्तरंही आईनेच दिली होती. घरी रुसली की सगळे मनधरणी करायचे आणि बाहेर रुसली की ते काम शाळेपासून लिफ्टवालीकडे होतं.

लिफ्टवालीची आई ती चालायला लागायच्या आधीच गेलेली. वडिलांच्या पान्या-पकडींतच ती वाढली. उंच इमारतींच्या पोकळीत लोंबकळून अडकलेल्या लिफ्ट ती खाली आणायची. तिला कशाचीच भीती वाटत नाही असं सगळे म्हणायचे, आणि म्हणून तिलाही तसं म्हणावं लागायचं. या ऑपरेशनला मात्र ती मनातून टरकली होती. इतक्या वर्षांत तिने छकुलीकडे एकच गोष्ट मागितली होती. "येशील सोबतीला?"

छकुली आली होती. दुपारभर ती पेशंटच्या खाटेवर झोपून पेशंटचा चहा प्यायली. मग उठून बसली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली,

"तुला काही झालं तर माझं कसं होणार गं?"

"काय म्हणालीस?"

"म्हणजे मी कुणाकडे बघायचं?"

"ऊठ. घरी जा."

"ओरडू नकोस ना. माझ्यावर कुणी ओरडलेलं मला सहन होत नाही."

"पोट माझं कापणारेत! जा म्हणते ना!"

छकुली गेली. जाताना प्रत्येक खाटेपाशी थबकत, कुणी हाक मारतंय का बघत गेली. लिफ्टवालीने भिंतीकडे तोंड केलं आणि आवाज न करता रडली. तिला फार एकटं वाटत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता.

तासाभराने छकुलीची आई आली. लेकीला मनगटाला धरून आणलं होतं.

"चल, सॉरी म्हण."

"तिने आधी म्हणायचं."

लिफ्टवाली उठून बसली. आज बोलायचंच असं तिने ठरवलं. "मावशी, तुम्ही हिला कधी..."

"अगं बाई, केसांचा काय गुंता झालाय हा!" मावशी तिच्या मागे जाऊन बसल्या. पिशवीतून कंगवा निघाला. "उद्या टोपी घालतील, वेणी घालून ठेवू या. मान सरळ."

लिफ्टवालीने मान सरळ केली. सुनावायचं सगळं तोंडातच राहिलं. आजवर कुणी तिची वेणी घातली नव्हती.

"भीती वाटतेय ना?"

"हो, मावशी."

मग ती बोलतच सुटली. भूल उतरलीच नाही तर? शुद्धीवर आल्यावर समोर कुणीच नसलं तर? मावशी नुसतं "हं" म्हणत हळूहळू गुंता सोडवत राहिल्या.

भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली. सोबतीला एकाच माणसाने थांबायचं, असं सिस्टर सांगून गेली. मावशी उठल्या तशी लिफ्टवालीने त्यांची बाही धरली.

"तुम्हीच थांबा ना."

छकुली ताडकन उठली. "ती माझी आई आहे!"

पलीकडच्या खाटेवरची आजी खुदकन हसली. लिफ्टवालीने बाही सोडली आणि लाजेने खाली बघू लागली. दोन घट्ट वेण्या, लाल झालेलं नाक. छकुली तिच्याकडे बघतच राहिली. ही धिप्पाड बाई घाबरू शकते, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"आई, तू घरी जा. मी थांबते."

"तुला जमेल?"

"नाही जमणार. पण थांबते."

आईने पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"मग मी घरी जाऊन काय करू?" तिने विचारलं.

छकुलीने आईकडे पाहिलं. मग तिच्या हातातली पिशवी घेतली, तिला मनगटाला धरलं आणि दोघी बाहेर पडल्या.

लिफ्टवाली दाराकडे बघत पडून राहिली. सिस्टर येऊन "सोबतीला कोण आहे?" म्हणून विचारून गेली. छकुली आईबरोबरच घरी गेली असणार, असं लिफ्टवाली जवळजवळ धरूनच चालली होती.

बऱ्याच वेळाने छकुली एकटी आत आली. बाही ओली होती.

"रडलीस?"

"आई रडली. रस्त्यातच बसली गं." छकुलीने स्टूल खाटेजवळ ओढलं. "मी समजूत काढली, रिक्षात बसवून दिलं."

"कशी काढलीस समजूत?"

"तू काढायचीस तशीच," छकुली म्हणाली. "किती वेळ लागतो गं त्याला!"