आतून ठोकळा कोणी धरला?

खिडकीमागच्या बाईंनी तिसऱ्यांदा "होडीचे कागद?" असं विचारलं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"कागद नाहीत म्हणून तर आलोय," मी म्हणालो. "असते तर तुमच्या खिडकीत कशाला उभा राहिलो असतो?"

बाई शांत होत्या. माझ्यासारखे त्यांनी सकाळपासून पंधरा पाहिले असणार. नियम नवा होता. तलावावरच्या प्रत्येक होडीला नंबर हवा. महिनाअखेरीला बिननंबरी होडी दिसली की ती थेट भंगारात. आणि महिना संपायला चार दिवस उरले होते.

होडी अ‍ॅल्युमिनियमची, बारा फुटी, माझ्या वडिलांनी घरामागच्या शेडमध्ये बनवलेली. बाबा बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात होते. तिथला उरलेला पत्रा आणून, सुटीच्या दिवशी ठोकून ठोकून त्यांनी ती उभी केली. ते जाऊन अकरा वर्षं झाली. घर विकलं, शेड पाडली, हत्यारं कोण कोण घेऊन गेलं. हात लावता येईल असं त्यांचं आता एवढंच उरलं होतं. ती दाबून तिचा चौकोनी गठ्ठा करणार, या विचाराने मला चार दिवस जेवण गोड लागत नव्हतं.

"कारखान्याची पट्टी नाही, खरेदीची पावती नाही," बाई म्हणाल्या. "मग घरी बनवलेली म्हणून नोंद करा. त्यासाठी बनवणाऱ्याने स्वतः यायचं. तपासनीस होडी बघतात, दोन-चार प्रश्न विचारतात आणि सही देतात."

"आणि बनवणारा हयात नसेल तर?"

"मग होडी बेवारस."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. या कचेरीची पायरी त्यात कोणी धरली नाही, एवढंच.

बाहेर बाकावर आत्या बसली होती. बाबांची धाकटी बहीण, वय शहात्तर. "तू चिडतोस आणि कामं बिघडवतोस," म्हणून ती बरोबर आली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, छत्री, आणि का कोण जाणे, एक टॉवेल. मी तिच्या शेजारी बसून अर्ज भरला. बनवणाऱ्याच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं आणि वय जुळावं म्हणून होडी बनवल्याचं सालही वीस वर्षं पुढे ढकललं. आत्याने चष्म्यावरून अर्जाकडे पाहिलं.

दुपारी धक्क्यावर तपासनीस आले. ठेंगणे, खिशात फूटपट्टी, हातात हत्यारांची पेटी. होडी आम्ही काठावर ओढून ठेवली होती. त्यांनी लांबी मोजली, मागच्या पत्र्यावर बोट फिरवून नंबर कोरलेला आहे का पाहिलं, मग बाहेरच्या रिव्हेटच्या ओळीवरून अंगठा नेला.

"सुंदर काम आहे," ते म्हणाले. "एकसारखं अंतर. तुम्ही केलंत?"

"हो," मी म्हणालो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"आतून ठोकळा कोणी धरला?"

"ठोकळा?"

"रिव्हेट बाहेरून ठोकतात. आतून कोणीतरी लोखंडी ठोकळा दाबून धरतं, तेव्हा मागचं टोक चेपतं आणि पत्रा पकडला जातो. तुमच्याकडे कोण होतं?"

"कोणी नाही. एकट्यानेच केलं मी."

ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "साहेब, तुमचा एक हात होडीच्या बाहेर आणि दुसरा आत, असं एकदा करून दाखवा."

मी खरंच वाकून पाहिलं. बाहेरच्या हातात हातोडी आहे असं धरून आतला हात खालच्या ओळीपर्यंत पोचेना. माझे कान तापले. पितळ उघडं पडलं होतं. खोटं बोलल्याची लाज होतीच, पण त्याहून वाईट म्हणजे आता होडीही जाणार होती, आणि ती माझ्या तोंडामुळे.

"ठोकळा मी धरला होता," मागून आत्या म्हणाली.

आम्ही दोघेही वळलो.

"ठोकणारा माझा भाऊ. हा तेव्हा दुसरीत होता. ह्याचं काम म्हणजे रिव्हेटचा डबा सांडणं आणि मग रडणं. बाप गेलाय, ह्याला होडी सोडवत नाही, म्हणून खोटं लिहिलंय बिचाऱ्याने. तो अर्ज फाडा आणि मला विचारा काय विचारायचं ते."

तपासनीसांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पेटीतून मुठीत मावेल असा एक लोखंडी तुकडा काढून त्यांनी आत्यापुढे धरला. तिने टॉवेल होडीत अंथरला, माझ्या खांद्याचा आधार घेऊन आत उतरली आणि पुढच्या फळीशी गुडघे मोडून बसली. मी श्वास रोखला, कारण जिन्याच्या चार पायऱ्या चढताना ही बाई दोनदा थांबते. तुकडा तिने डाव्या हातात घेतला, तळव्यात एकदा फिरवला आणि एका रिव्हेटवर टेकवला. थोडा तिरका.

तपासनीस वाकले, तुकडा कसा टेकलाय ते बघितलं, मग आतल्या ओळीवर टॉर्च मारला. बाहेरून मोत्यासारख्या दिसणाऱ्या त्या ओळी आतून वेगळ्याच होत्या. प्रत्येक चेपलेलं टोक थोडंसं एकाच बाजूला झुकलं होतं, शेवटपर्यंत. मी या होडीत जन्मभर बसत आलो आणि ते कधी पाहिलं नव्हतं.

"डावखुऱ्या आहात," ते म्हणाले.

"भाऊ ओरडायचा, सरळ धर म्हणून. पण धरता धरता हात भरून येतो हो. आणि आवाज! डोकं पिंपात घालून कोणी बडवतंय असं व्हायचं. हा उजवा कान तेव्हाच गेला. ह्या पोराला वाटतं मी म्हातारपणामुळे बहिरी."

खरंच तसंच वाटायचं मला. त्या कानावरून मी तिची किती थट्टा केली होती! त्या क्षणी मला धक्क्यावरच तिचे पाय धरावेसे वाटले. मी तिला फक्त बाटली उघडून पाणी दिलं.

तपासनीसांनी नवा अर्ज काढला. बनवणाऱ्याच्या रकान्यात आत्याचं नाव लिहिलं, खाली सही केली आणि मला एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी खोटं बोलायचं असेल तर आधी कामाची माहिती घ्या."

परतताना मी तिला विचारलं, "आत्या, इतकी वर्षं बोलली का नाहीस? मी कुणाकुणाला सांगत फिरलो, बाबांनी एकट्याने बनवली. तुझ्यासमोर सांगितलं. तुझ्या घरात बसून सांगितलं."

"सांगताना तुझं तोंड बघायचे मी," ती म्हणाली. "इतकं फुललेलं असायचं. त्यात मी कुठे ठोकळा घेऊन घुसू?"

न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत, ते हे असं. मला तिचा राग आला, माझा त्याहून जास्त आला, आणि मग दोन्ही विरघळून नुसती माया उरली.

रविवारी आम्ही नंबर चिकटवायला गेलो. आकडे सरळ लावायचं काम आत्याने माझ्याकडून काढून घेतलं. शेजारच्या होडीतला एक माणूस, सोबत त्याची बायको, दोघं कौतुकाने बघत उभे राहिले. "छान आहे हो होडी. जुनी दिसते. कोणी बनवली?"

सवयीने मी तोंड उघडलं.

"मी," आत्या म्हणाली. मग पदर खोचून तिने त्यांना पत्रा कसा वाकवला, मागचा भाग कसा जुळवला, पहिल्यांदा पाण्यात सोडली तेव्हा थेंबभर पाणी कसं आत आलं नाही, सगळं सांगितलं. त्यात शेड होती, उन्हाळा होता, तिचा डावा हात होता. माझ्या बापाचं नाव म्हणून कुठे नव्हतं.

आत्याचं तोंड इतकं फुललं होतं, की मी उघडलेलं तोंड मिटलं आणि तिच्या हातात पुढचा आकडा दिला.