पाठमोरे राजहंस

रद्दीच्या ढिगात कमरेपर्यंत उतरून शिक्केवाले एकेक गठ्ठा उपसत होते, आणि रद्दीवाला स्टुलावर बसून चहा पीत त्यांच्याकडे बघत होता.

"काका, आहे तरी काय त्यात एवढं? घराचे कागद गेले का?"

"भरतकामाचे नमुने आहेत. बायकोचे."

"जुन्या मासिकांची कात्रणं? मग ती गेली. कागदी पिशव्या करणारे घेऊन जातात. तो कागद मऊ असतो ना."

शिक्केवाले ढिगातच मटकन बसले. उभा जन्म त्यांनी रबरी शिक्के करण्यात घालवला होता. गावातल्या प्रत्येक कचेरीचा, डॉक्टरचा आणि शाळेचा ठसा त्यांच्या हातचा. नुकतंच त्यांनी दुकान मुलाच्या हाती दिलं होतं आणि आता घरी बसून काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, त्यातली गत. कपाट आवरायला घेतलं आणि पहिल्याच झपाट्यात बायकोचं गाठोडं रद्दीत घातलं. त्यात विणकामाचे, क्रोशाचे, भरतकामाचे नमुने होते. काही तिने लग्नाआधी कापून ठेवलेले, काही तिच्या आईचे.

तेही एक वेळ खपलं असतं. पण गाठोडं कुठे गेलं असं तिने विचारल्यावर हे गृहस्थ म्हणाले, "अगं, ते आता कोण करतंय?"

"कुणी नाही," ती म्हणाली. त्यानंतर ती नवऱ्याशी बोललेली नव्हती.

रद्दीवाल्याला दया आली. त्याने स्टुलाखालून कागदांची एक गुंडाळी ओढून काढली. "हे तेवढे उरलेत बघा. भोकं पडलेला कागद पिशवीला चालत नाही."

ते खाके होते. नमुन्याच्या रेघेरेघेवर सुईने टोचून भोकं पाडलेले कागद. कापडावर ठेवून वरून रॉकेल-निळीचा बोळा फिरवला की ठिपके खाली उतरतात आणि त्यावरून भरायचं. बाकी सगळं पिशव्या होऊन गावभर फिरत होतं. एवढे मूठभर कागद बायकोपुढे ठेवले असते, तर जखमेवर मीठच चोळल्यासारखं झालं असतं.

घरी तर कारभार वेगळाच चालू होता. बायकोला सगळी गल्ली काकू म्हणायची. काकू नवऱ्याशी जे काही बोलायच्या ते सुनेमार्फत.

"सूनबाई, तुझ्या सासऱ्यांना सांग, चहा ठेवलाय."

"बाबा, चहा ठेवलाय."

"तुझ्या सासूबाईंना सांग, साखर कमी पडलीय."

"आई, साखर..."

"ऐकलं मी. अबोला धरलाय, बहिरी नाही झाले."

बिचारी सून दोघांच्या मधे बसून गार चहा प्यायची. काकूंच्या बोलण्याचा शिक्केवाल्यांना आयुष्यभर कंटाळा आला होता, आणि आता ते बोलणं नव्हतं तर घरात करमत नव्हतं. काही करून तिला बोलती करायलाच हवी होती.

खाक्यांमध्ये राजहंसांची एक जोडी होती. उशीच्या अभ्र्यांसाठी दोन स्वतंत्र कागद, एक डावा, एक उजवा. खाली बारीक अक्षरात सूचना छापलेल्या: 'हात स्वच्छ धुवावेत. मन प्रसन्न असावे, कारण मनातील राग टाक्यात उतरतो. अभ्रे उशांवर चढवून शेजारी ठेवल्यास हंस एकमेकांकडे प्रेमाने पाहतील.' शिक्केवाल्यांनी हे पुन्हा पुन्हा वाचलं आणि हात धुतले.

शिंप्याकडून त्यांनी अभ्रे मापाने शिवून घेतले. यांची उशी कापूस कोंबून फुगवलेली, काकूंची पाटीसारखी सपाट. पलंगाची डावी बाजू यांची, उजवी काकूंची, लग्न झाल्यापासून. मग दुकानाच्या मागच्या भागात बसून काम सुरू झालं. धारदार पात्याने रबर कोरताना ज्या बोटांना कधी ओरखडा आला नाही, त्यांची सुईने चाळण केली. मुलगा पुढून विचारायचा, "बाबा, काय चाललंय मागे?" आणि हे म्हणायचे, "गिऱ्हाईक बघ."

एके दुपारी काकू वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेल्या. शिक्केवाल्यांनी अभ्रे चढवले, उशा मांडल्या, चादर ताणली आणि सुनेला काकूंना बोलवायला पिटाळलं. काकू कपड्यांचा ढीग छातीशी धरून आल्या, सून मागे. पलंगाकडे बघून दोघी थबकल्या.

दोन्ही राजहंस एकमेकांकडे पाठ फिरवून बसले होते. माना ताठ, चोची वर. एवढे रुसलेले पक्षी कुणी पाहिले नसतील. सुनेने ओढणी तोंडात कोंबली.

"सूनबाई," काकू म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना सांग, कळलं म्हणावं. भरून दाखवायची गरज नव्हती."

घाईत मांडलेल्या त्या दोन उशा शिक्केवाल्यांनी आत्ता कुठे नीट पाहिल्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ठसा उलटा कोरायचा, तरच तो सुलटा उमटतो. ही सवय हाडीमाशी खिळलेली. कुठलाही छापा हातात आला की तो आधी फिरवायचा. खाका मात्र ठेवला तसाच उतरतो, हे त्या सूचनांमध्ये कुणी लिहिलं नव्हतं. लिहिणाऱ्याला असं गिऱ्हाईक भेटेल असं वाटलंच नसणार.

"कागद उलटा ठेवला मी," ते पलंगाच्या कडेवर टेकत म्हणाले. मधे सूनबाईला घालायचंही त्यांना सुचलं नाही. "ठशासारखा. तू बोलावंस म्हणून केलं होतं सगळं."

काकूंनी कपडे खुर्चीवर टाकले. आपल्या उशीचा अभ्रा काढला, उलटा केला आणि खिडकीशी नेला. भरतकाम करणारी बाई आधी पाठ बघते. पुढून काय, कुणीही फसवतं. त्यांनी मागच्या टाक्यांवरून बोट फिरवलं, आणि परत फिरवलं.

"सूनबाई, विचार यांना, गाठी कुठे आहेत?"

"मारल्या नाहीत," शिक्केवाले म्हणाले. "दोरा टाक्यांखालून परत नेला. गाठ तुझ्या गालाला टोचली असती."

काकूंचं बोट टाक्यांवरच थांबलं. अभ्रा हातात तसाच राहिला.

सुनेला राहवेना. "आई, अभ्रे बदलून बघू ना." बदलले. मोठ्या अभ्र्यातला हंस सपाट उशीवर सुरकुतून म्हातारा झाला, आणि लहान अभ्रा फुगीर उशीच्या अर्ध्यावरच अडकला. "मग उलटून घालू? पाठ तर छान आहे."

"शिवण बाहेर काढून झोपायची पाळी अजून आलेली नाही," काकू म्हणाल्या.

सुनेने अभ्रे जागच्या जागी चढवले आणि अख्ख्या उशाच इकडच्या तिकडे ठेवल्या. हंस समोरासमोर आले. तिघंही बघत राहिले.

"पण आता आईंची उशी बाबांच्या बाजूला गेली," सून म्हणाली.

"दिवसा राहू दे अशा," शिक्केवाले घाईघाईने म्हणाले. "झोपताना फिरवून घेत जाऊ."

सून शहाणी होती. कपड्यांचा ढीग उचलून घड्या घालायला बाहेर निघून गेली.

काकू पलंगाला वळसा घालून डाव्या बाजूला आल्या. क्षणभर थांबल्या, आणि आपल्या सपाट उशीवर डोकं टेकून सरळ आडव्या झाल्या. शिक्केवाले उठून उभे राहिले. कुठे जावं ते त्यांना कळेना. मग ते गुपचूप उजवीकडे गेले आणि पाहुण्यासारखे अंग चोरून काठावर पडले.

काकूंनी एकदा कूस बदलली. मग गादी हाताने चाचपली.

"अहो, इथं तर खड्डा आहे."

"आहे."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"आणि मी आपली समजत होते, चांगली बाजू तुम्ही बळकावलीय." त्या कोपर टेकून उठून बसल्या. "पाठ दुखते, पाठ दुखते म्हणून ओरडत असता. एकदा सांगायला काय झालं होतं? असं मनात ठेवायचं नसतं हो. बोलत जावं माणसानं."

यावर शिक्केवाल्यांना पुष्कळ बोलता आलं असतं. त्यांनी कूस वळवली आणि तिच्याकडे तोंड करून ऐकत पडून राहिले.