धुराची वाट

उस्तिन्याने जुनी चूल पाडायला घेतली तेव्हा गवतकापणी नुकतीच उरकली होती. चूल कसली, अर्धं घरच होतं ते. खाली विस्तव, पोटात धुराच्या वळणावळणाच्या वाटा, आणि वर दोघांना ऐसपैस झोपता येईल अशी जागा. सकाळी एकदा बर्चची लाकडं पेटवली की विटा दुसऱ्या दिवशीपर्यंत उबदार राहायच्या. पण गेल्या हिवाळ्यात तिला भेगा पडल्या, आणि दोघांनी तो कसाबसा खोकत काढला.

तिचा नवरा अवेर्यान म्हणजे नदीच्या दोन्ही काठांवर नावाजलेला चुलीचा गवंडी. एके काळी लोक त्याला न्यायला घोड्याची गाडी पाठवायचे. बर्फ वितळायच्या सुमाराला त्याला झटका आला आणि उजवं अंग लुळं पडलं. जीभ मात्र शाबूत राहिली.

"हात तुझे, डोकं माझं," बाकावर बसून तो म्हणाला. "अशी चूल बांधू की सगळं गाव बघायला येईल."

"गावात उरलंय कोण? आपण आणि आपली शेळी."

"मग शेळी बघेल."

उस्तिन्या हसली. सगळा उन्हाळा ती राबली. जुन्या विटा खरवडून साफ केल्या, नदीकाठची चिकणमाती पाटीतून आणली, वाळू घालून पायांनी तुडवली. बटाटे काढायचे, मशरूम खारवायचे, शेळीची धार काढायची, आणि मधल्या वेळात विटांचा एखादा थर लावायचा. विटा भिजवून भिजवून तिच्या बोटांची सालं निघाली. अवेर्यान काठीने दाखवायचा: ही इकडे, ती आडवी, इथे धुराला जागा सोड. लग्न झाल्यापासून तो तिच्याशी इतकं कधी बोलला नव्हता.

पण काही वेळा तो थांबायचा. काठी हवेत धरून विटांकडे टक लावून बघत राहायचा.

"काय रे म्हाताऱ्या, झोप लागली?"

"गप. विचार करतोय." मग एकदम म्हणायचा, "बुजव ती जागा."

"काल तर सोडायला सांगितलीस."

"गवंडी कोण, तू की मी?"

तिने जागा बुजवली. आयुष्यभर ज्याने चुलीच बांधल्या त्याला काय शिकवायचं, असं तिने स्वतःला समजावलं.

पहिलं दंव गोठलं त्या सकाळी तिने चूल पेटवली. धूर धुराड्यातून वर गेलाच नाही, चुलीच्या तोंडातून उलटा घरात आला. दारं-खिडक्या उघडून ती अवेर्यानला ओढत अंगणात घेऊन आली.

"माती ओली आहे म्हणून," तो खोकत म्हणाला. "उद्या ओढेल."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तेव्हा त्याला न विचारता ती पलीकडच्या गावातून ग्लेबला घेऊन आली. हे काम ग्लेब अवेर्यानच्याच हाताखाली शिकला होता. त्याने राख काढायच्या भोकातून खांद्यापर्यंत हात घातला, चाचपलं, आणि उस्तिन्याला बाहेर बोलावलं.

"काकू, धुराला वाटच नाही. आतल्या आत फिरवून कोंडून टाकलाय. दोन ठिकाणी तर भिंतीवर भिंत आहे. हे काकांनी सांगितलं?"

"नाही," उस्तिन्या म्हणाली. "मीच शहाणपणा केला."

ग्लेबने तिच्याकडे पाहिलं आणि टोपी नीट केली. "पार पायापर्यंत उतरवावी लागेल. आणि आता थंडीत बांधली तर माती वाळायच्या आत गोठून फुटेल. वसंतात बघू. मला उद्या निघायचंय, हिवाळाभर उत्तरेला लाकूडतोडीचं काम आहे. काकू, खरंच दुसरं कुणी नाही."

आत अवेर्यान वाटच बघत होता. "काय म्हणाला तो पोरगा?"

"वीट मी चुकीची लावली."

"वाटलंच मला! इतकी वर्षं बघतेस आणि साधी वाट सोडता येत नाही तुला?" तो कितीतरी वेळ ओरडत होता. उस्तिन्या बटाटे सोलत राहिली. तो ओरडतोय तोवर तो गवंडी आहे, असं तिला वाटलं.

अंगणापलीकडच्या अंघोळीच्या लाकडी खोपटात एक छोटी लोखंडी शेगडी होती. बर्फ पडायच्या आत तिने गाद्या, भांडी, शेळी, सगळं तिथे हलवलं. शेगडी रात्रंदिवस लाकूड मागायची, आणि विझली की घटकाभरात भिंती दंव गोठून पांढऱ्या पडायच्या. उन्हाळ्यात चुलीपायी लाकूड फोडायचं राहून गेलं होतं. आता ती गोठ्याच्या फळ्या उचकटून जाळू लागली. घरातल्या तळघरात बटाटे गोठले आणि गोडसर, काळे झाले. तेच ती उकडायची.

अवेर्यान आता चुलीचं नाव काढत नसे. दिवसभर खोपटाच्या इवल्याशा खिडकीशी बसून असे. एका दुपारी त्याने तिला हाक मारली.

"अगं, समोरचं ते घर कुणाचं? धूर येत नाही त्यातून."

उस्तिन्याने खिडकीतून आपल्या घराकडे पाहिलं.

"गेले ते लोक," ती म्हणाली.

"एवढ्या थंडीत? चूल नसेल त्यांच्याकडे. मला बोलवायला हवं होतं."

तिने त्याच्या खांद्यांवरची गोधडी सारखी केली आणि कुऱ्हाड घेऊन गोठ्याकडे गेली.